ताणलेला टायर आणि टायरवाल्याची जबाबदारी

टायरच्या दुकानात येणाऱ्या तक्रारींपैकी सर्वांत जुनी तक्रार म्हणजे 'हवा टिकत नाही'. टबात बुडवून बुडबुडे दाखवावेत, खिळा काढावा, पॅच मारावा आणि गिऱ्हाइकाला मार्गी लावावे, इतके हे काम सरळ. परंतु अलीकडे याच तक्रारीने एक नवे रूप घेतले आहे. तरुण गिऱ्हाईक गाडी घेऊन येते. गाडीला रुंद अलॉय व्हील बसविलेली असतात आणि त्यांवर त्यांच्या मानाने अरुंद टायर ओढून चढविलेला असतो. टायरच्या बाजू बाहेर फुगलेल्या दिसण्याऐवजी रिमच्या कडेपासून आत झुकलेल्या असतात. खिळा नाही, काच नाही, तरी सकाळी हवा कमी. दुकानदार व्हॉल्व्हची पिन बदलतो, बीडला सीलर फासतो आणि पैसे घेतो. आठवड्याने तीच गाडी पुन्हा दारात उभी राहते आणि मग आवाज चढतात.

हा शौक आपल्याकडचा नव्हे. जपानमध्ये अशा टायरला 'हिप्पारी', म्हणजे ओढलेला, असे नावच आहे. युरोपात फोक्सवॅगनच्या शौकिनांनी तो उचलला. ऑस्ट्रियात वर्थरसे तलावाच्या काठी १९८२ साली सुरू झालेल्या त्यांच्या मेळाव्यात अशा गाड्या वर्षानुवर्षे दिसत आल्या. मूळ हेतू एवढाच की, गाडी खाली बसवली आणि चाक रुंद घेतले, तरी टायरचा खांदा मडगार्डला घासू नये. पुढे हेतू मागे पडला आणि ते रूपच आवडीचे झाले. चित्रे पाहून आपली मुलेही ते मागू लागली. शौकाला आमची हरकत नाही. हरकत आहे ती या शौकाचे ओझे टायरवाल्याच्या डोक्यावर टाकले जाते आणि तोही ते मुकाट्याने उचलतो याला.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. अशा चाकातली गळती शोधण्याचे काम टायरवाल्याने मन लावून करावे आणि त्या कामाचे पैसे हक्काने घ्यावेत. मात्र टायर आणि रिम यांची जोडीच मापाबाहेर असेल, तर ती गळती बुजवून देण्याचे काम कोणत्याही दराने अंगावर घेऊ नये.

आता माप म्हणजे काय ते पाहू, कारण निम्मी भांडणे इथेच सुरू होतात. टायरवर २०५/४० आर १७ असे लिहिलेले असते. त्यातले २०५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ४० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. रिमच्या मागच्या बाजूला किंवा काडीवर ८ जे × १७ असे कोरलेले असते. त्यातले ८ म्हणजे दोन कडांच्या आतल्या अंगांमधले अंतर इंचात. पुष्कळ मुले बाहेरून टेप लावतात. बाहेरून मोजल्यास माप सुमारे एक इंच जास्त येते आणि ८ इंची रिम त्यांच्या तोंडी ९ इंची होऊन बसते. उस्तादांनी गिऱ्हाइकाच्या तोंडचे माप धरू नये, कोरलेले माप स्वतः वाचावे.

प्रत्येक टायरला किती रुंद रिम चालते हे ठरलेले आहे. युरोपात ईटीआरटीओ ही संस्था त्याचे तक्ते काढते. आपल्याकडे हे काम आयटीटीएसी करते. २०५/५५ आर १६ या सर्रास चालणाऱ्या टायरला साडेपाच ते साडेसात इंच रिम मान्य आहे. १९५/६५ आर १५ ला साडेपाच ते सात. वर सांगितलेल्या २०५/४० आर १७ ला सात ते आठ. म्हणजे हा टायर ९ इंची रिमवर चढवला की मान्य मर्यादेच्या बाहेर पूर्ण एक इंच गेलो. असे टायर चढतात, हवाही धरतात, म्हणून लोकांना वाटते की तक्ता करणारे उगाच भितात. पण चढणे वेगळे आणि रस्त्यावर टिकणे वेगळे.

टायरची बीड रिमवर कशी बसते ते ज्याने रोज पाहिले आहे त्याला पुढचे समजावून सांगायला नको, तरी नव्या शागीर्दांसाठी लिहितो. मोटारीच्या रिमवर बीड जिथे बसते ती जागा सपाट नसते. ती कडेकडे पाच अंशांनी चढती असते. हवेच्या दाबाने बीड त्या चढावर सरकत कडेला जाऊन घट्ट बसते. तिच्या आतल्या बाजूला रिमवर एक बारीक उंचवटा असतो, जो बीडला परत आत घसरू देत नाही. हवा अडते ती बीडचा पूर्ण तळ त्या जागेवर दाबून बसल्यामुळे. टायर ताणलेला असला की त्याची बाजू बीडला आत आणि वर ओढत राहते. बीड किंचित कलंडते, तिच्या आतल्या टोकाचा दाब कमी होतो, आणि हवा अडविणारी जागा अरुंद होते. एखादा रंगाचा पोपडा किंवा गंजाचा कण साध्या जोडीत चालून गेला असता, तो इथे गळतीला पुरेसा ठरतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बीडला कडेशी धरून ठेवणारी शक्ती म्हणजे आतली हवाच. हवा कमी झाली की पकड ढिली होते, आणि ताणलेल्या टायरची बाजू तर बीडला आत खेचायला टपलेलीच असते. साध्या टायरमध्ये आठ-दहा पौंड हवा कमी झाली तर गाडी जड चालते, टायर तापतो आणि चालकाच्या लक्षात येण्याइतका वेळ बहुधा मिळतो. ताणलेल्या टायरमध्ये तेवढीच हवा कमी असताना जोरात वळण घेतले, किंवा चाक खड्ड्याच्या कडेवर आदळले, तर बीड क्षणभर सुटते आणि हवा भसकन बाहेर पडते. कधी ती पुन्हा बसते, कधी टायर रिमवरून उतरतो. म्हणून अशा चाकातली 'जराशी' गळती जराशी समजू नये.

आता गळती शोधण्याविषयी. इथे आमच्या कारागिरांचे कसब कोणत्याही यंत्राहून मोठे आहे, पण घाई नडते. आधी विचारावे, हवा किती दिवसांत आणि कशी उतरते? चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पौंड हवा रबरातून आपोआप झिरपते. तसेच तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की सुमारे एक पौंड दाब उतरतो. दुपारी गाडी पळवून आणून तापलेल्या टायरात हवा मोजली आणि डिसेंबरात नाशिकला पहाटे पुन्हा मोजली, तर तीन-चार पौंडांचा फरक गळतीशिवाय पडेल. असे गिऱ्हाईक आले तर त्याला हेच समजावून परत पाठवावे. चहा पाजून पाठवले तर फारच उत्तम, ते पुढचा टायर आपल्याकडेच घेईल.

हवा रात्रीत उतरत असेल तर चाक काढून टबात घालावे. साध्या चाकाला आडवे ठेवून बीडच्या खाचेत साबणाचे पाणी ओतले तरी भागते, कारण टायरची फुगीर बाजू आणि रिमची कड यांच्यामध्ये पाणी साठते. ताणलेल्या टायरची बाजू बाहेरून उतरती असते, त्यामुळे पाणी वाहून जाते आणि गळती दिसतच नाही. म्हणून टब तरी हवा, नाहीतर साबणाचा दाट फेस ब्रशने लावून पाच-दहा मिनिटे थांबायला हवे. बारीक गळतीचा फेस मोहरीएवढा असतो आणि तो लगेच येत नाही.

प्रथम व्हॉल्व्हची पिन आणि व्हॉल्व्हचे बूड पाहावे. रबरी व्हॉल्व्ह जुना झाला की बुडाशी चिरतो. तो बोटाने वाकवून पाहिल्याशिवाय बुडबुडा येत नाही. मग बाहेरची बीड, मग आतली. आतल्या बाजूकडे दुर्लक्ष होते आणि दोष बहुधा तिथेच निघतो, कारण खड्ड्याचा मार रिमच्या आतल्या कडेवर बसतो. मुंबई-गोवा महामार्गावर ज्याने पावसाळ्यात गाडी हाकली आहे त्याला हे सांगायला नको. चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवले की वाकलेली कड डोळ्यांना दिसते.

बुडबुडे कुठे येतात यावर सारा निकाल आहे. एकाच जागी येत असतील, तर दोष त्या जागेचा: कड वाकली आहे, रिमला चीर आहे, कचरा अडकला आहे किंवा टायर चढविताना लोखंडी पट्टीने बीड फाटली आहे. दोन-चार ठिकाणी विखरून येत असतील, तर बीडची जागा साफ नाही असे समजावे. हल्ली अलॉय व्हील रंगवून आणण्याची फार आवड आहे. रंगारी बीडच्या जागेवरही जाड थर चढवतो आणि तो थर पुढे पोपडे धरतो. तो काढून जागा हाताने, मऊ घासणीने साफ करावी. तिथे ग्राइंडर लावणाऱ्या शागीर्दाला आम्ही दुकानात ठेवणार नाही, कारण त्याचे ओरखडे हवेला कायमची वाट करून देतात. आणि बुडबुडे पूर्ण गोलाईभर येत असतील, तर बीड नीट बसलेली नाही किंवा जोडीच चुकीची आहे. बीडजवळ टायरवर साच्याची एक बारीक रेघ असते. ती रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का हे पाहावे. अंतर कमीजास्त असेल तर हवा सोडून, पेस्ट लावून बीड पुन्हा बसवावी. अंतर सारखे आहे, जागा स्वच्छ आहे, व्हॉल्व्ह नवा आहे आणि तरीही गोलाईभर फेस येतो आहे, म्हटल्यावर तक्त्याकडे बघावे. उत्तर तिथे छापलेले असते.

एक प्रकार टबातही सापडत नाही. चाक टबात एक बुडबुडा सोडत नाही आणि गाडीवर चार दिवसांत बसते. ही गळती वळणावर होते, उभ्या चाकात होत नाही. टायर उतरवून बीडची जागा पाहिली तर कधी कधी तिथे रस्त्याची बारीक रेती सापडते. बीड उचलली गेली, हवा बाहेर पडली आणि रेती आत शिरली. रेती सापडली की पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही.

तुकड्यांच्या चाकांचा विषय वेगळा आहे. जर्मनीच्या बीबीएस कंपनीची आरएस जातीची चाके या शौकिनांत फार मानाची. ती तीन तुकड्यांची, बोल्टांनी जोडलेली असतात. तुकड्यांच्या सांध्यात सिलिकॉन भरलेले असते आणि ते जुने झाले की हवा टायरमधून न जाता रिममधूनच जाते. बिचाऱ्या टायरला दोष लागतो. असे चाक खोलून, जुने सिलिकॉन काढून, नवे भरून, सुकू देऊन, बोल्ट कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळावे लागतात. ज्याला हे काम येते त्यानेच ते घ्यावे. वरून सांध्यावर सिलिकॉन फासणे म्हणजे गळक्या छपराला आतून रंग देणे.

आता जे उपाय बाजारात चालतात त्यांविषयी थोडे कडक लिहावे लागेल. बीडला लावायचा काळा सीलर वाईट नाही. जुन्या, किंचित खडबडीत पण मापातल्या रिमला तो उपयोगी पडतो. पण मापाबाहेरच्या जोडीला तो लावला तर फेस थांबतो, ओढ थांबत नाही. गिऱ्हाईक निर्धास्त होते आणि बीड पूर्वीइतकीच सुटायला तयार असते. टायरमध्ये ओतायचे पातळ सीलंट नक्षीतल्या बारीक छिद्रासाठी असते, बीडसाठी नव्हे. काही जण ट्यूब घालून देतात. ट्यूब ताणलेल्या टायरात घासते, तापते, आणि बीड सरकू लागली तर ट्यूब तिला अडवीत नाही. नायट्रोजनची गोष्ट तर गमतीची आहे. साध्या हवेत सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो. बीड जिथून हवा सोडते तिथून नायट्रोजनला अडवायला कोणी उभे नसते. तरी गळतीवर उपाय म्हणून तो विकला जातो.

आणि आग. टायर बसत नाही म्हणून आत ज्वलनशील फवारा मारून काडी लावायची, भडका होऊन बीड ताडकन बसते, लोक टाळ्या वाजवतात. फवारा किती पडला याचे माप नाही, दाब कुठे जाईल याचा नेम नाही, आतले अस्तर भाजते ते वेगळेच. आम्ही मालकांना हात जोडून सांगतो की, तुमच्या दुकानात सोळा-सतरा वर्षांचा पोरगा हे करत असेल तर आजच थांबवा. टायर बसविण्यासाठी व्हॉल्व्हची पिन काढून हवा जोरात सोडावी, लागल्यास हवेच्या टाकीचा झोत द्यावा, पेस्ट भरपूर लावावी. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, ते रबर खाते. मोटारीच्या टायरची बीड बसविताना चाळीस पौंडांच्या वर जायचे नाही, हा नियम पाळावा. चाळीसला बसली नाही तर हवा सोडून पुन्हा सुरुवात करायची. ताणलेल्या टायरला पन्नास-साठ पौंड मारावे लागतात असे कारागीर सहज बोलून जातात, तेव्हा ते आपल्याच बोटांविषयी बोलत असतात हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

यावर दुकानदारांचे म्हणणे ठरलेले आहे: 'आम्ही नाही म्हटले तर शेजारचा करून देतो.' हे खोटे नाही. कुर्ल्याच्या बाजूला एका दुकानात आम्ही बसलो असता असाच एक तरुण आला. ९ इंची रिम, २०५/४० चा टायर. उस्तादांनी चाक टबात घातले, आतल्या बीडला गोलाईभर बुडबुडे आले. त्यांनी पाटीवर खडूने '७ ते ८' लिहिले आणि म्हणाले, "भाई, या टायरचे एवढेच. तुझी रिम ९ ची आहे. मी सीलर लावून पैसे घेऊ शकतो, पण तू एक्स्प्रेसवेवर जातोस, मला झोप येणार नाही." तरुण म्हणाला, "उस्ताद, हवा टिकेल एवढे करा, बाकी माझे मी बघतो." उस्तादांनी मान हलवली आणि तपासणीचे पैसेही मागितले नाहीत. आमच्या देखत समोरच्या दुकानात ती गाडी जॅकवर चढली. गल्ल्यावर बसलेला त्यांचा मुलगा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा आम्ही पाहिला.

उस्तादांचे एकच चुकले असे आम्हाला वाटते. तपासणीचे पैसे घ्यायला हवे होते. चाक उतरविणे, टबात घालणे, बारकाईने पाहणे आणि निदान सांगणे हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. डॉक्टर औषध दिले नाही म्हणून फी सोडत नाही. निदानाचा दर पाटीवर लिहून ठेवला, तर 'नाही' म्हणायला जीव जड जात नाही. बिलावर रिमचे माप, टायरचे माप आणि 'जोडी मान्य मापाबाहेर' एवढे तीन शब्द लिहून द्यावेत. 'गिऱ्हाइकाच्या जबाबदारीवर' असे लिहून काम करून देण्याची पद्धत काही ठिकाणी पडली आहे, ती आम्हाला पसंत नाही. समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याने तुमच्या बिलावर सही केलेली नसते.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. अपघात झाला तर विमा कंपनीला बोट दाखवायला आयती जागा मिळते ती वेगळीच. जर्मनीत जिथे हा शौक एवढा फोफावला, तिथेही मापाबाहेरची जोडी वापरायची तर टायर कंपनीचे परवानगीचे पत्र लागते आणि तपासणी होऊन ते गाडीच्या कागदांत चढवावे लागते.

राहता राहिला तरुण गिऱ्हाइकाचा शौक, आणि यातच टायरवाल्याचा धंदाही आहे. त्याला ते रूप हवे आहे, मापाबाहेर जाणे हवे आहे असे नाही. फरक त्याला कोणी सांगितलेला नसतो. २०५/४० आर १७ चा टायर ८ इंची रिमवर चढवला तर बाजू बऱ्यापैकी ताठ दिसते आणि जोडी मान्य मर्यादेत राहते. २२५/४० आर १८ ला ९ इंचांपर्यंत परवानगी आहे. मात्र गाडीच्या मूळ चाकाचा एकूण व्यास आणि टायरवरचा भाराचा आकडा जुळला पाहिजे. २०५/५५ आर १६ वर बहुधा ९१ असते, म्हणजे एका टायरला ६१५ किलो; २०५/४० आर १७ वर ८४ असेल तर ५०० किलोच. पाच माणसे आणि डिकीत सामान भरून गावी जाणाऱ्या घराच्या गाडीला हा फरक लहान नाही. ९ इंची रिम आधीच घेऊन बसलेल्याला त्याच रिमला चालणारा रुंद टायर सुचवावा. तो मडगार्डला घासत असेल तर रिमच बदलायला सांगावे. जुनी रिम विकून देण्याची दलालीही तुम्हालाच मिळू शकेल.

तक्ते टायर कंपन्यांच्या माहितीपुस्तकांत असतात आणि विक्रेत्याकडे मागितले की मिळतात. आपल्या दुकानात जी आठ-दहा मापे नेहमी खपतात, त्यांची मान्य रिम मोठ्या अक्षरांत लिहून टबाच्या वरच्या भिंतीला लावून ठेवावी, म्हणजे बुडबुडे बघायला वाकलेल्या गिऱ्हाइकाला मान वर केली की ती दिसेल.